नळीवर पाय देऊ नये

आमच्या मास्तरांचं अक्षर फार सुंदर आहे, असं अख्खं गाव म्हणतं. पूर्वी मीही म्हणायचे.

मास्तर म्हणजे माझा नवरा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाले, तरी हाताची खाज जाईना. गावात कुणाला पाटी हवी असली की लोक थेट आमच्या दारात. 'कुत्र्यापासून सावध', 'आज दुकान बंद', 'येथे थुंकू नये', सगळं यांच्याच हातचं. बरं, पैसे घ्यावेत की नाही? तो विषय निघाला की यांच्या तोंडाला कुलूप. रंग घरचा, ब्रश घरचा, आणि फरशीवर सांडलेला रंग खरवडायला मीही घरचीच. किती वेळा म्हटलं, अहो, निदान वर्तमानपत्र तरी पसरत जा खाली. तर पसरायचे, आणि मग त्यातलीच बातमी वाचत बसायचे.

आता वाटेचं सांगते. आमचं गाव संपतं तिथून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एकच रस्ता जातो. पायथ्याला डोंगर चढायच्या पायवाटा सुरू होतात. तिथे वनखात्याच्या थोड्या खोल्या आहेत, एक विश्रामगृह आहे, एक लहानशी शाळा आहे. अंतर म्हणाल तर काही नाही, तरणा माणूस गप्पा मारत चालत जाईल. पण त्या रस्त्याला एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला चर, आणि मधून खाणीचे खडी भरलेले ट्रक. समोरासमोर दोन ट्रक आले की चालणाऱ्याने जायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडे नाही.

आमचा मुलगा त्याच रस्त्यावर गेला. तो आणि सूनबाई, दोघंही डोंगरावर लोकांना वाट दाखवण्याचं काम करायचे. संध्याकाळी सायकलवरून घरी येत होता, मधल्या वळणावर ट्रकने उडवून चरात फेकलं. ट्रकवाला म्हणाला, दिसलाच नाही. एवढा उंचापुरा पोरगा माझा, दिसलाच नाही म्हणे. नात तेव्हा पाच वर्षांची होती. तिला आम्ही चिमी म्हणतो. सूनबाईने थोडे दिवस घरात काढले आणि परत कामावर जायला लागली, त्याच रस्त्याने, सायकलवरूनच. करणार काय? दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि डोंगर सोडून तिला जगता आलं नसतं.

मुलगा गेल्यावर मी वर्षभर भांडत होते. देवाशी, खाणवाल्याशी, पोलिसांशी, आणि कुणीच नसेल तेव्हा मास्तरांशी. मास्तर भांडले नाहीत. त्यांनी एक मोठा कागद घेतला आणि त्यावर वाट काढली. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वेगळी वाट, चराच्या बाजूने, रस्ता आणि वाट यांच्यामध्ये दगडी कठडा. कागदावर कठड्याचा एकेक दगड रंगवला होता. वाटेवर माणसं काढली होती, एक बाई, एक म्हातारा, सायकलवर एक मुलगी. मुलीच्या दोन वेण्या होत्या. चिमीने बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, ही मी आहे." मला ते चित्र भिंतीवर नको होतं. मास्तरांनी लावलं.

मग हे त्या वाटेच्या हात धुवून मागे लागले. अशा वाटांसाठी सरकारी खात्याचा एक निधी असतो, हे यांनी कुठून तरी शोधून काढलं. डोंगर आणि जंगलाकडे जाणारी वाट असेल तर पाचातले चार वाटे खातं देणार, एक वाटा गावाने घालायचा. हे खेटे घालायला लागले. आज साहेब नाहीत, उद्या साहेब मीटिंगमध्ये, परवा साहेबांची बदली. नवीन साहेब आले की पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं, चित्रासकट. मी म्हणायचे, "अहो, तुमचे बूट झिजले, वाट काही होत नाही." तर म्हणायचे, "बूट नवीन घेता येतात." 

गावाचा एक वाटा तरी सरळ मिळावा? पालिकेत अध्यक्ष म्हणाले की त्या पैशात बाजारातलं गटार होईल. मास्तर सभेत उभे राहून म्हणाले, "गटारही व्हावं, पण गटारात माणसं जाऊ नयेत म्हणून वाट आधी व्हावी." लोक हसले, मग गप्प झाले, कारण आमचा मुलगा कुठे पडला होता ते सगळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी गावाचा वाटा मंजूर झाला. सभेनंतर सायकलींचं दुकान चालवणाऱ्या सायकलवाल्याने मास्तरांना खांद्यावर उचललं. यांचा चष्मा पडला, तो पोस्टमनच्या पायाखाली आला. नवा चष्मा करावा लागला, पण त्या दिवशी मी त्यावरूनही भांडले नाही.

त्याच सुमाराला सूनबाईने मला स्वयंपाकघरात गाठलं. मी भांडी घासत होते. ती बुटांचा चिखल काढत दारात बसली होती.

"आई, एक सांगू? रागावू नका."

"रागावू नका म्हटलं की मी आधी रागावते. सांग."

"पायथ्याला वनखात्याची एक खोली रिकामी झालीय. मला देतायत. चिमीला तिथल्या शाळेत घालता येईल."

मी भांडं घासत राहिले. ते कधीच स्वच्छ झालं होतं.

"इथे काय कमी पडलं तुला?"

"काही नाही कमी पडलं. मध्ये रस्ता आहे एवढंच." तिने बूट खाली ठेवला. "रोज येताना त्या वळणावर मी सायकलवरून उतरते आणि चरातून चालते. मागच्या आठवड्यात एका ट्रकचा आरसा माझ्या पाठीवरच्या पिशवीला घासून गेला. घरी येऊन बोलले नाही. आई, मला मरायची भीती नाही वाटत. पण मी गेले तर चिमीचं काय, हे रोज त्या वळणावर माझ्या मनात येतं. रोज. तुम्ही आहात, बाबा आहेत, पण तुमचं वय..."

"माझ्या वयाला काय धाड भरलीय?"

ती हसली. डोळ्यांत पाणी होतं तरी हसली. "वाट होणार असेल तर मी थांबते. बाबा एवढं करतायत. निकाल लागेपर्यंत थांबते. नाही झाली तर मात्र जाईन, आई. मला अडवू नका."

काय अडवणार? मी तिच्या जागी असते तर निकालापर्यंतसुद्धा थांबले नसते. पण पोरगा गेला, आता हे लेकरूही उठून जाणार. चिमी माझ्याजवळ झोपते. सकाळी उठली की माझ्या पदराला तोंड पुसते, टॉवेल शेजारी असला तरी. तिच्या वेण्या मी घालते, तिच्या आईला घट्ट घालता येत नाहीत. जाऊन जाऊन ती कुठे जाणार, तर डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर, आणि तिथे मला जाता येणार नाही. बस तिकडे जात नाही. टॅक्सी करून गेलं तर टॅक्सीवाला बाहेर हॉर्न वाजवत उभा, आणि मी आपल्याच नातीकडे पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसायची. मी मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "वाट होणार. आता फक्त मोजणी राहिलीय."

मोजणी अशी की, खातं पैसे देण्याआधी बघणार, त्या रस्त्याने किती लोक पायी जातात, किती सायकलने जातात. लोकच जात नसतील तर वाट कुणासाठी करायची, असा त्यांचा हिशेब. त्यासाठी एक इंजिनिअर आला. पोरगेलासा होता, बोलायला गोड, पण पायात भिंगरी. गावाच्या वेशीपाशी त्याने रस्त्यावर आडवी काळी रबरी नळी खिळे ठोकून बसवली. कडेच्या मातीत, जिथून लोक चालतात, तिथे रबराची एक पातळ पट्टी अंथरली. नळी आणि पट्टी दोन्ही एका लोखंडी पेटीला जोडल्या, पेटी खांबाला साखळीने बांधली. पेटीच्या तोंडावर काचेचं एक गोल भिंग होतं, त्यात तांबडा दिवा लुकलुकत होता.

मास्तर त्याच्या मागे-पुढे. मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले होते, म्हणून मी हे माझ्या कानांनी ऐकलं. मास्तरांनी विचारलं, "आम्ही काय काळजी घ्यायची?"

इंजिनिअर कप परत देत म्हणाला, "काही नाही हो. या नळीवर सगळं अवलंबून आहे. तिला कुणी काही करणार नाही, एवढं बघा म्हणजे झालं." आणि गाडीत बसून गेला. त्याला आणखी दोन गावांत नळ्या ठोकायच्या होत्या.

तिला कुणी काही करणार नाही. बघा हं, एवढंच वाक्य. आणि आमचं गाव कसं, तर सांगितलेलं ऐकणारं. 'गवतावर चालू नये' लिहिलं तर गवत गुडघ्यापर्यंत वाढेल, कापायलासुद्धा कुणी आत जाणार नाही. पेटीला भिंग होतं, दिवा होता. ती पेटी आपल्याला बघते आणि मोजते, नळी म्हणजे तिची वायर, असं सगळ्यांनी धरलं. सायकलवाला म्हणाला, रबर नाजूक असतं. पोस्टमन म्हणाला, सरकारी वस्तू आहे, फाटली तर मोजणी रद्द. मास्तर घरी आले आणि पाटी रंगवायला घेतली.

अशी पाटी त्यांनी आयुष्यात केली नव्हती, हे मला मान्य करावं लागेल. पांढऱ्यावर निळी अक्षरं, कडेला हिरवी वेल. 'ही नळी आपल्या वाटेसाठी आहे. कृपया नळीवर व पट्टीवर पाय देऊ नये. सायकल उचलून न्यावी.' पट्टीच्या भोवती दगड मांडले, दगडांना चुना लावला. ट्रकवाले काय थांबणार होते, ते नळीवरून धडधडत जायचे, आणि मास्तरांचा जीव वरखाली व्हायचा. दिवसातून कितीदा तरी जाऊन वाकून नळी बघून यायचे. मी म्हटलं, "अहो, एवढी माझी नाडी कधी बघितली होती का?"

तो आठवडा मात्र चांगला गेला. खोटं कशाला बोलू, मुलगा गेल्यापासून तसे दिवस आले नव्हते. मास्तरांनी घरोघर सांगितलं होतं की मोजणी आहे, सगळ्यांनी निघा. आणि लोक निघाले. एकट्यादुकट्याने जायला भीती, म्हणून घोळक्याने. पुढे मास्तर लाल फडकं धरून, मागे अख्खं गाव. सुईण आली, न्हावी दुकान बंद करून आला, अध्यक्षांच्या घरातल्या बायकासुद्धा आल्या. नळीपाशी आलं की सगळे थांबायचे. सायकलवाले उतरून सायकल खांद्यावर घ्यायचे आणि नळी ओलांडायचे. म्हाताऱ्यांना दोन्हीकडून हात द्यायचे. पट्टी टाळून, दगडांच्या बाहेरून, एकामागे एक. पोरं उडी मारायची. चिमी तर परत परत मागे येऊन उडी मारायची. तिला वाटत होतं, जितक्या उड्या तितकी वाट लांब होणार. आणि ओलांडून झालं की लोक पेटीच्या भिंगाकडे बघून हात हलवायचे.

मीही गेले. पोरगा गेल्यानंतर पहिल्यांदाच गेले त्या रस्त्याने. वळण आलं तेव्हा माझे पाय उचलेनात. सूनबाईने माझा हात धरला आणि आम्ही दोघी तशाच पुढे गेलो. पायथ्याला पोचल्यावर ती म्हणाली, "आई, होईल बहुतेक." मी म्हटलं, "होईल नाही, झालीच समज." तिने खोलीला तात्पुरता नकार कळवला.

आठवडा संपल्यावर खात्याची माणसं येऊन नळी काढून घेऊन गेली. पाटीही उपटून एका बाजूला टाकली. त्यांनी ती वाचली नसावी. मास्तरांनी ती पुसून घरी आणली.

निकालाच्या सभेला पालिकेचं सभागृह भरलं होतं. सूनबाई कामावरून थेट आली, चिमी माझ्या मांडीवर. मास्तर पुढच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. इंजिनिअरने कागद वर केला आणि खाली मान घालून वाचायला लागला. ट्रक इतके. मोटारी इतक्या. मग म्हणाला, "सायकली आणि पादचारी, जवळजवळ नगण्य. त्यामुळे या वाटेला निधी देता येणार नाही, असं खात्याचं मत पडलं आहे. मात्र ट्रकांची संख्या पाहता हा रस्ता रुंदीकरणाच्या यादीत घेतला आहे."

सभागृहात आधी कुणाला कळलंच नाही. मग गलका झाला. सायकलवाला ओरडला की पेटी बिघडली होती. न्हावी म्हणाला, खाणवाल्याने पैसे चारले. मास्तर उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "साहेब, काहीतरी चुकतंय. त्या आठवड्यात अख्खं गाव त्या रस्त्याने गेलंय. मी स्वतः पुढे होतो. भिंगाला विचारा."

"कसलं भिंग?" इंजिनिअर म्हणाला. "तो बॅटरीचा दिवा आहे. मोजते ती नळी. चाक वरून गेलं की हवा दाबली जाते, तसंच पट्टीवर पाय पडला की. तुम्ही नळीवरूनच गेलात ना?"

सायकलवाला पोस्टमनकडे बघायला लागला, पोस्टमन आपल्या चपलांकडे.  इंजिनिअर बिचारा इकडेतिकडे बघत होता, त्याला काय झालं ते समजेना. थोडेबहुत आकडे जे लागले होते ते बाहेरगावच्या डोंगर चढणाऱ्यांचे असणार. ते पाटी वाचायला थांबले नव्हते.

मास्तरांना समजलं. मी मागून त्यांची मान बघत होते. ते खाली बसले नाहीत, उभेच राहिले, हात पुढच्या टेबलावर. मग म्हणाले, "परत मोजता येईल का?"

"या वर्षीची यादी बंद झाली हो. पुढे बघू. पण रुंदीकरण झालं की चराची जागा रस्त्यात जाणार, मग वाटेला जागाच उरत नाही." आणि जरा थांबून, खरंच वाईट वाटून म्हणाला, "कुणी मला फोन तरी करायचा होता."

मला त्या पोराचा गळा धरावासा वाटला. मग वाटलं, त्याचं काय चुकलं? मग वाटलं, मास्तरांचं तरी काय चुकलं? म्हणाला होता ना, नळीला कुणी काही करू नये. नाही केलं कुणी. गावभर शोधून मला राग काढायला माणूस सापडेना, आणि राग तर असा की छातीत मावत नव्हता.

घरी येताना कुणी मास्तरांना दोष दिला नाही. तेच वाईट झालं. सायकलवाला म्हणाला, "मास्तर, आम्हीही उचलल्याच की सायकली." सुईण म्हणाली, "नशीब." माणसं येत, खांद्यावर हात ठेवत आणि जात, मुलगा गेला तेव्हा आली होती तशीच. एखाद्याने तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर मास्तर उत्तर देऊन मोकळे झाले असते. त्या आठवड्यात त्यांनी ब्रश केरात टाकले. मी काढून ठेवले नाहीत.

सूनबाईने काही ऐकवलं नाही. तिने बाबांसाठी चहा केला, त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही खूप केलंत." मग आत जाऊन कपाटातून चिमीचे कपडे काढायला लागली. मी दारात उभी राहिले. मला हजार गोष्टी बोलायच्या होत्या. म्हणायचं होतं, वर्षभर थांब, परत मोजतील. म्हणायचं होतं, पोरीला तरी ठेव. पण तो आरसा तिच्या पिशवीला घासून गेला होता, हे मी विसरू शकत नव्हते. मी आत गेले आणि तिला कपड्यांच्या घड्या घालून द्यायला लागले. चिमीचा एक स्वेटर तोकडा झाला होता. मी म्हटलं, "हा राहू दे इथे." ती म्हणाली, "राहू दे, आई."

दूधवाल्याच्या टेम्पोतून सामान गेलं. दोन पेट्या, गादी, दोघींच्या सायकली. चिमी पुढे बसली. तिला गंमत वाटत होती, नवीन शाळा, नवीन खोली, दाराबाहेर डोंगर. "आजी, तू रोज ये हं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो." मास्तर टेम्पोपाशी आलेच नाहीत. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे होते. 

पुढचं काय सांगू. रुंदीकरण सुरू झालं आणि भराभर संपलं. या देशात आयुष्यात मी एवढ्या वेगाने झालेलं दुसरं काम पाहिलं नाही. चर बुजला. आता एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला लोखंडी पत्रा, आणि मधे ट्रक, पूर्वीपेक्षा दुप्पट आणि पूर्वीपेक्षा जोरात. चिमी सुरुवातीला दोनदा येऊन गेली, टेम्पोतून. पण तिची शाळा सुटीच्या दिवशी बंद, त्या दिवशी टेम्पोही बंद, आणि डोंगरावर सगळ्यात जास्त गर्दी त्याच दिवशी. म्हणजे सूनबाई पहाटेच लोकांना घेऊन वर, आणि पोर खोलीत दिवसभर एकटी. शेजारीण मधून मधून डोकावते म्हणे. मी फोनवर विचारायचे, "काय करतेस?" म्हणायची, "बसलेय." नऊ वर्षांची पोर, बसलेय म्हणते. 

आम्ही महिन्यातून एकदा टॅक्सी करायचो. खुर्चीच्या टोकावर बसून यायचो. टॅक्सीवाला हॉर्न वाजवायचा.

परवाच्या सुटीला तिचा फोन आला. तिला ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. फक्त म्हणाली, "आजी, आज येशील का? माझ्या वेण्या सुटल्यात."

मी मास्तरांकडे बघितलं. ते खुर्चीतून उठले आणि बूट घालायला लागले. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही केलं होतं. टॅक्सीवाला लग्नाच्या भाड्याला गेला होता. मास्तर म्हणाले, "चालत जाऊ." मी म्हटलं, "वेड लागलंय का?" आणि मीही चपला घातल्या. कंगवा पर्समध्ये टाकला.

वेशीपासून थोडं अंतर बरं गेलं. पत्र्याला अंग चिकटवून चालत होतो, मास्तर पुढे, मी मागे. ट्रक गेला की पत्रा थरथरायचा आणि आम्हीही. धूळ डोळ्यांत, कानात. मास्तर मागे वळून बघायचे, मी हाताने पुढे चला म्हणायचे. वळणाजवळ आलो. तिथे आता पत्रा अगदी रस्त्याला लागून आहे, पाऊल ठेवायला जागा नाही. मास्तर वाकून बघायला लागले, पत्र्याच्या पलीकडून जाता येतं का. पलीकडे सरळ खाली खड्डा. तेवढ्यात दोन ट्रक समोरासमोर आले. मी मास्तरांचा शर्ट धरून त्यांना मागे ओढलं. आम्ही दोघं पत्र्यावर पाठ टेकून, पोट आत घेऊन उभे राहिलो. ट्रकचं चाक माझ्या पदराला लागून गेलं. मी ते चाक बघितलं. माझ्या मुलानेही असंच बघितलं असेल.

ट्रक गेल्यावर मास्तर तिथेच खाली बसले.  म्हणाले, "होत नाही गं."

"नाही होत," मी म्हटलं. "उठा. परत जाऊ."

तेव्हाच फोन वाजला. चिमीचा. मागे एखादं भांडं पडल्यासारखा आवाज आला, मग तिचा श्वास.

"आजी, कुठवर आलात?"

मला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. "वळणापर्यंत आलो होतो. आता परत चाललोय. पुढे जाता येत नाही, बाळा."

 मग एकदम तिचा आवाज उजळला. "मग मीच येते. मला आता सायकल नीट येते. आईने शिकवलंय. वळणापर्यंतच यायचं ना? लगेच येते."

मास्तर खालून माझ्याकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं होतं.

जगात मला एकच गोष्ट हवी होती, की त्या पोरीने माझ्याकडे यावं. आणि मी भर रस्त्यात किंचाळले, "नाही यायचं. ऐकलंस? खोलीच्या बाहेर पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे. सायकलला हातसुद्धा लावायचा नाही. माझ्याकडे यायचं नाही, अजिबात यायचं नाही." तिच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. तिच्या बापाशीही नाही.

पुन्हा एक ट्रक आला, तो जाईपर्यंत काही ऐकू येईना. मला वाटलं, तिने फोन ठेवला. पण ती होती. रडत नव्हती. तिच्या आईसारखीच शांतपणे म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "मग दार लावून घेऊ?"

"हो," मी म्हटलं. "लावून घे."